मुलगा हवा, तपासायचा कुणी?

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पन्हाळा तालुक्यात हा आकडा आठशेच्याही खाली होता. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफीच्या मशिनांना तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडले गेले आणि सगळ्या देशाने कोल्हापूरची दखल घेतली. मुलींचा तो लढा संपलेला नाही, त्यावर या सदरात पुन्हा लिहीनच. आज विचारायचंय ते मुलग्यांबद्दल. ज्याच्यासाठी घराघरांत एवढं पाप झालं, तो पोरगा जन्मल्यावर कुणी त्याला नीट तपासला का?

नाही तपासला. पेढे वाटले, फटाके लावले, बारशाला मांडव घातला. लंगोट सोडून पाहायची मात्र लाज वाटली.

काय पाहायचं, ते सरळच लिहितो. मुलग्याच्या दोन्ही गोळ्या, म्हणजे वृषणं, जन्मताना खालच्या पिशवीत असायला हव्यात. आईच्या पोटात त्या बाळाच्या मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि शेवटच्या महिन्यांत जांघेतल्या वाटेने खाली येतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत दोघा-तिघांची एखादी गोळी वाटेतच अडकते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत जातं. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांची गोळी आपसूक उतरते. सहा महिने झाल्यावर मात्र वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. तेव्हा लहान मुलांच्या सर्जनला दाखवायचं आणि बाळ दीड वर्षाचं व्हायच्या आत शस्त्रक्रिया उरकायची, असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं.

एवढी घाई कशासाठी? वृषणाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर निसर्गाने त्याला पोटाबाहेर ठेवलंय. पोटाच्या किंवा जांघेच्या उबेत अडकलेल्या गोळीतल्या बीजपेशी पहिल्या वर्षापासूनच मरायला लागतात. दुसरा धोका कर्करोगाचा. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या १६,९८३ पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेराव्या वर्षाआधी ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांना वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या दुपटीहून थोडा जास्त होता. तेरानंतर झाली, त्यांना पाचपटीहून जास्त. हा कर्करोग मुळात दुर्मीळ आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. उशीर करायचंही कारण नाही.

आपल्याकडे पोरगा डॉक्टरपुढे येतो कधी? शाळेच्या तपासणीत एखाद्या डॉक्टरने खरोखर पाहिलं तर. तालमीत लंगोट कसताना वस्तादाच्या नजरेला आलं तर. भरतीच्या मेडिकलला अडकला तर. नाहीतर थेट लग्नानंतर, मूल होईना म्हणून. आणि तिथेही आधी सगळ्या तपासण्या सुनेच्या होतात, मग पोराच्या. तोवर घरात एकच वाक्य फिरत असतं, “मोठा झाला की उतरतंय बघ.” आज्जी म्हणते, आई मान डोलावते आणि बाप तर त्या विषयात पडतच नाही. त्या पोराची वर्षं या एका वाक्याने खाल्ली.

सरकारही यात मागेच आहे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. चांगला कार्यक्रम आहे. गावोगावच्या अंगणवाड्यांत आणि शाळांत त्याची पथकं जातात, हृदयाला छिद्र असलेली, ओठ-टाळू दुभंगलेली, वाकड्या पावलांची मुलं शोधून आणतात. पण देशपातळीवर ठरलेल्या मूळ तीस आजारांच्या यादीत न उतरलेली गोळी नाही. पाहायला यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. दोन ऊबदार हात आणि एक मिनिट, एवढाच खर्च. ती यादी करणाऱ्यांना हे सुचलं नसेल, असं मी मानत नाही. यादीत नाव नसलं की पथकाच्या कागदावर रकाना नाही, रकाना नाही की लंगोट सोडायचं कुणावर बंधन नाही.

मग रकाना आपणच उघडू. आशाताई नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. लसीकरणाला बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचं असताना येतं, मग नऊ महिन्यांचं झाल्यावर येतं. चौदाव्या आठवड्याला नर्सताईंनी पाहून कार्डावर लिहावं, ‘दोन्ही खाली’ किंवा ‘एक वर’. नवव्या महिन्याला पुन्हा पाहावं. वर असेल तर त्याच दिवशी चिठ्ठी द्यावी. कोल्हापूर जिल्हा परिषदेने ठरवलं तर याला दिल्लीचा आदेश लागत नाही.

आणखी एक माणूस आपल्या घरात येतं, ज्याचा विचार आरोग्य खातं कधीच करत नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी मावशी. बाळाचं अंग रोज दोन्ही हातांनी चोळणारी, कडेवर घेणाऱ्या सगळ्या पाहुण्यांपेक्षा त्या शरीराची जास्त माहिती असलेली बाई. काही मुलग्यांची गोळी थंडीने, भीतीने वर ओढली जाते आणि गरम पाण्यात आपोआप खाली येते. तिला शस्त्रक्रिया लागत नाही. डॉक्टरच्या गार टेबलावर रडणाऱ्या बाळात हा फरक ओळखणं अवघड जातं, न्हाणीत मावशीच्या पायांवर पसरलेल्या बाळात सोपं असतं. त्या मावशीला कुणी अर्धा तास बसवून हे शिकवलं, तर शहरातल्या कित्येक पोरांचं निदान न्हाणीतच होईल. बापाने एकदा बाळाला स्वतः न्हाऊ घातलं तरीही होईल, पण ते आमच्या पेठांत अजून फार कुणाला जमलेलं नाही.

जांघेचाच दुसरा आजार म्हणजे हर्निया. बाळ रडलं की जांघेत फुगा येतो, झोपलं की जातो. लवकर जन्मलेल्या मुलग्यांत हा जास्त. त्यावर पट्टा बांधू नये, लेप लावू नये. फुगा कडक झाला, आत जाईना, बाळ ओकायला लागलं, तर रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठावं. आतडं अडकलेलं असतं आणि त्याच्याबरोबर वृषणाचा रक्तपुरवठाही दाबला जातो.

इथे आई-बापांचा पाय अडखळतो तो भुलीपाशी. “एवढ्याशा जिवाला भूल? मेंदूवर परिणाम झाला तर?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, जगभरच्या भूलतज्ज्ञांनी तो स्वतःला विचारला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत भुलीच्या औषधांनी कोवळ्या मेंदूवर परिणाम झालेला दिसला होता. म्हणून सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ तान्ह्या बाळांवर रीतसर चाचणी झाली. सगळी बाळं हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आलेली, त्यामुळे बहुतेक मुलगेच. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना फक्त कमरेखालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया. दुसऱ्या वर्षी त्यांचा विकास मोजला, पाचव्या वर्षी बुद्धी मोजली. निकाल ‘लॅन्सेट’मध्ये २०१६ आणि २०१९ ला आले. तासाभराच्या आतल्या एका भुलीने दोन्ही गटांत फरक पडला नव्हता. ७२२ घरांनी आपलं बाळ या चाचणीत दिलं, म्हणून आज कोल्हापुरातल्या आईला डॉक्टर हे छातीठोकपणे सांगू शकतो.

याच्या उलट बाजूचा इतिहास ऐकला की अंगावर काटा येतो. १९८० च्या दशकापर्यंत पुढारलेल्या देशांतल्या कितीतरी रुग्णालयांत नवजात बाळांची मोठी शस्त्रक्रिया वेदनाशामक न देता व्हायची. स्नायू लुळे करणारं औषध द्यायचे, म्हणजे बाळ हलायचं नाही, रडायचं नाही. समजूत अशी की एवढ्या लहान जिवाला वेदना नीट कळत नाही आणि भूल त्याला सोसायची नाही. ही समजूत मोडणाऱ्यांत पुढे होता इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेला एक डॉक्टर, कंवलजीत सिंग आनंद. अकाली जन्मलेल्या बाळांवर हृदयाजवळची शस्त्रक्रिया होताना काहींना फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं, काहींना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दिलं नाही. ज्यांना दिलं नाही, त्यांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकांचा डोंब उसळला आणि त्यांना नंतरचा त्रासही जास्त झाला. १९८७ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच सुमाराला अमेरिकेत जिल लॉसन नावाच्या आईने आपल्या अकाली जन्मलेल्या मुलावर भुलीविना शस्त्रक्रिया झाल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी ते उचललं. एका बाजूने प्रयोगशाळेतला पुरावा, दुसऱ्या बाजूने आईचा आवाज. दोन्ही एकत्र आले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी धोरण बदललं. ती आई बोलली नसती, तर आणखी किती वर्षं गेली असती?

बोलणं हाच इथला औषधोपचार आहे. पोरगं दहा-बारा वर्षांचं झालं की मग तर जास्तच. कोल्हापूर म्हणजे तालीम, फुटबॉल, कातडी चेंडूचं क्रिकेट. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा सामना असला की अर्धं गाव गोळा होतं. पोरांच्या गुडघ्याला, खांद्याला लागलं की दहा जण धावतात. जांघेत लागलं की मैदान हसतं. तो पोरगा खाली मान घालून कडेला बसतो आणि घरी जाऊन “पोटात दुखतंय” म्हणतो.

ते पोटात दुखणं जीवघेणं नसतं, पण गोळीघेणं असू शकतं. वृषण आपल्याच दोरीभोवती पिळा घेतं, रक्त बंद होतं. मार लागल्यावर होतं, कधी काहीच न लागता झोपेतही होतं. बारा ते अठरा या वयात सगळ्यात जास्त. एकदम कळ, ओकारी, एका बाजूची गोळी वर चढलेली, सुजलेली. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर दहातल्या नऊ गोळ्या वाचतात. दिवस उलटला तर वाचायची आशा फारच थोडी. साधा मार लागला असेल तर कळ तासाभरात ओसरते. तासाभराने ओसरली नाही, तर हळद-दूध नको, शेक नको, सकाळची वाट नको. आणि ‘पोटात दुखतंय’ म्हणून आणलेल्या प्रत्येक मुलग्याची चड्डी डॉक्टरने खाली करून पाहिलीच पाहिजे, तो कितीही लाजला तरी. पोटाचं औषध लिहून परत पाठवलेला पोरगा पहाटे पुन्हा येतो, तेव्हा सहा तास संपलेले असतात.

क्रिकेटच्या किटमध्ये गार्ड असतो, तो फलंदाजीलाच नव्हे, कीपिंगलाही घालायला लावा. आणि प्रत्येक तालमीच्या वस्तादाने, प्रत्येक कोचने पोरांना महिन्यातून एकदा मोठ्याने सांगावं, “खाली दुखलं तर आधी मला सांगायचं. हसणाऱ्याला मी शंभर जोर मारायला लावीन.” वस्तादाचा शब्द बापापेक्षा चालतो आमच्याकडे.

हाच पोरगा मोठा होतो. लग्न होतं, दोन मुलं होतात. आणि आता आणखी मूल नको म्हणून नवरा-बायकोपैकी कुणाची तरी शस्त्रक्रिया करायची वेळ येते.

तान्हेपणी हर्नियाचं ऑपरेशन करताना सर्जन ज्या बारीक नळीला जिवापाड जपतो, ती शुक्रवाहिनी. नसबंदीत नेमकी हीच बांधायची असते. पिशवीच्या कातडीखाली, हाताला सहज लागणारी. बिनटाक्याची पद्धत चीनमध्ये ली शुन्छियांग या सर्जनने १९७४ साली काढली. एक बारीक छिद्र, जागेवरची भूल, दहा-पंधरा मिनिटं, टाका नाही. बाईची नसबंदी म्हणजे पोट उघडणं किंवा पोटात दुर्बीण घालणं. कुठलाही सर्जन सांगेल यातली सोपी आणि सुरक्षित कुठली. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं काय? देशात दर हजार विवाहित बायकांमागे ३७९ जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची झालेली, हजारात तीन. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांनी ते पोट उघडून घेतलंय.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंद्या केल्या. तिथल्या शिबिरांतल्या तेरा बायका दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करायला सांगितली. त्या तेरा जणींच्या नवऱ्यांपैकी एकाने तरी पंधरा मिनिटं दिली असती, तर त्याची बायको आज घरात असती.

पुरुष मागे का हटला, याला कारण आहे आणि ते मान्य करतो. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यातल्या साधारण ६२ लाख पुरुषांच्या. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७६ च्या जानेवारीत गावात आलेल्या शेतकऱ्यांना धरून नेऊन नसबंदी केली गेली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. माणसाला जनावरासारखं धरलं, तर तो त्या दाराकडे पुन्हा फिरकत नाही. तो राग खरा होता. पण त्याची किंमत गेली जवळजवळ पन्नास वर्षं बायका भरताहेत, ज्यांनी कुणालाच धरून नेलं नव्हतं.

दुसरं कारण म्हणजे ताकदीची भीती. “नस कापली की गडी संपला.” भावा, संप्रेरक रक्तातून जातं, त्या नळीतून नाही. नळी बांधली तरी वृषण तेवढंच टेस्टोस्टेरॉन तयार करतं. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा. बाकीचा द्रव वरच्या ग्रंथींचा, तो तसाच येत राहतो. जोर, बैठका, ओझं, संसार, कशातही फरक पडत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. शरीराबद्दल मराठीत स्वच्छ बोलता येतं, हे त्या माणसाने पदरचे पैसे घालून सिद्ध केलं. शंभर वर्षांनी आपण अजून ‘पोटात दुखतंय’ वरच आहोत.

पुरुषांसाठी दुसरा मार्ग येतोय का? येतोय, फार सावकाश. खरगपूरच्या आयआयटीतले प्रा. सुजोय गुहा यांचा पहिला शोधनिबंध १९७९ चा. शुक्रवाहिनीत एका पॉलिमरचं इंजेक्शन द्यायचं, ते आतून भिंतीला चिकटतं आणि जाणाऱ्या शुक्रजंतूंना निकामी करतं. नाव ‘रिसुग’. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३०३ विवाहित पुरुष होते, सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, निकाल २०२३ मध्ये आले : गर्भ न राहण्याचं यश ९९ टक्के, गंभीर दुष्परिणाम नाही. पॉलिमर धुऊन काढून पुन्हा मूल होऊ देता येतं, हे प्राण्यांत दिसलंय. माणसांत ते सिद्ध व्हायचं बाकी आहे. गुहांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, पहिल्या निबंधानंतर ४१ वर्षांनी. औषध अजून दुकानात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने पुरुषांच्या संप्रेरक इंजेक्शनची चाचणीही झाली होती, ३२० पुरुषांवर. परिणाम चांगला होता. पण उदासी, मनःस्थितीतले चढउतार असे त्रास दिसले आणि सुरक्षा समितीने २०११ मध्ये इंजेक्शनं थांबवली. समितीने काळजी घेतली हे योग्यच. एवढीच काळजी गर्भनिरोधक गोळ्या खाणाऱ्या बायकांच्या उदासीची घेतली गेली असती, तर मला आणखी बरं वाटलं असतं. आणि त्या चाचणीतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त पुरुषांनी, हे औषध मिळालं तर पुढेही घेऊ, असं सांगितलं होतं. पुरुष तयारच नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

रिसुगची पाच केंद्रं होती : दिल्ली, उधमपूर, लुधियाना, जयपूर, खरगपूर. महाराष्ट्रात एकही नाही. पुढची चाचणी निघेल तेव्हा कोल्हापुरातल्या सी.पी.आर. रुग्णालयाच्या, शाहू महाराजांचं नाव लावणाऱ्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाने केंद्र मागावं. तोवर बिनटाक्याची नसबंदी सरकारी रुग्णालयात फुकट आहे, तिला कुणाच्या चाचणीची वाट पाहावी लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. नसबंदीनंतर लगेच निर्धास्त होता येत नाही; नळीत आधीच पुढे गेलेले शुक्रजंतू असतात. तीन महिने कंडोम वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. त्या तपासणीला बरेच पुरुष जातच नाहीत, आणि मग दिवस गेले की संशय बायकोवर. म्हणून दुसऱ्या फेरीला तिलाही सोबत न्यावं, आणि तपासणीचा कागद तिच्याच हातात द्यावा.